गर्दीचा आवाज

“दिसत नाही गं, असते.”

मालिकेत तू कुठे दिसतेस, असं कुणीही विचारलं की तिचं हे ठरलेलं उत्तर. आमच्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमध्ये पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी नवीन आलं की हा प्रश्न यायचाच, कारण तिचा नवरा मोठ्या हौसेनं सांगून टाकायचा, “आमची ही टीव्हीवर काम करते.” मग सगळे फोन काढून शोधायला लागायचे आणि ती निवांत दुसऱ्यांदा मसालेभात वाढून घ्यायची.

माझी नि तिची ओळख झाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये. ओळख कसली, मी तिचा जीव वाचवायला गेले होते. गाडीतून ग्रोसरी काढत होते, तेवढ्यात पलीकडच्या गाडीतून एका बाईची किंकाळी आली. साधीसुधी नाही, पार पोटातून आलेली. “अगं आई गं!” म्हणत मी हातातली कांद्यांची पिशवी उगारून धावले. बघते तर गाडीत एकटीच बाई, सीटबेल्ट लावून बसलेली. तिनं काच खाली केली. “सॉरी हं, घाबरलात का? मला आत्ता जिन्यावरून ढकललंय.”

वेडीच आहे, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

वेडी नव्हती, रियाज करत होती. घरात ओरडलं तर शेजारी पोलिसांना बोलावतात म्हणून गाडीत. एका मारधाडीच्या मालिकेत ती आवाज द्यायची. ती मालिका तुम्ही नक्की पाहिली असेल: गुप्तहेरांची एक टोळी दर भागात कुठल्या तरी धुळकट देशात जाते, बाजारातून गाड्या पळवते, फळांच्या हातगाड्या उलटवते आणि जग वाचवून परत येते. शूटिंगच्या वेळी बाजारातली गर्दी नुसते ओठ हलवते, म्हणजे हिरोचं बोलणं स्वच्छ मिळतं. गर्दीचा कलकलाट नंतर स्टुडिओत भरायचा. सात-आठ जण एका माइकभोवती फिरत पुटपुटतात, भांडतात, किंचाळतात. त्यातली एक ही.

देश कुठलाही असो, ही मराठीत बोलायची. त्या लोकांना काय कळतंय! एकदा म्हणे वाळवंटातल्या एका राजवाड्याबाहेर बॉम्ब फुटतो, लोक सैरावैरा पळतात आणि त्यात ही ओरडते, “मेले, दूध उतू गेलं!” दिग्दर्शकानं खास कौतुक केलं, खरीखुरी भीती वाटली म्हणाला. मी ते ऐकून लिफ्टमध्ये खाली बसून हसले होते.

पण त्या कामाचा एक नियम होता आणि तो मला कधी पटला नाही. तुमचा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. प्रेक्षकाला एक जरी शब्द निराळा लागला, तरी तुम्ही चुकलात. नागपुरात नाटकं करून बक्षिसं मिळवलेली बाई ही! लग्नानंतर इकडे आली, व्हिसात कामाची परवानगी नाही म्हणून कितीतरी वर्षं घरात काढली, आणि ग्रीन कार्ड आल्यावर मिळालं काय, तर ऐकू न येण्याचं काम. मी तणतणायचे. ती म्हणायची, “अगं, माइक आहे ना समोर. माइक हे काय कमी आहे?”

त्या मालिकेनं किती जणांचं भलं केलं. पहिल्या सीझनला कुणी ओळखत नसलेला हिरो पुढे बसस्टॉपवरच्या जाहिरातींत घड्याळ घालून हसायला लागला. खलनायक तर दोनदा मरून तिसऱ्यांदा जुळा भाऊ म्हणून परत आला. आणि हिला किराणा दुकानातसुद्धा कुणी वळून पाहिलं नाही. तिला वाईट वाटायचं का? वाटायचं. आईमुळे जास्त.

आई नागपुरात, भावाकडे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. हिला नाटकाची गोडी लावली ती त्यांनीच. लहानपणी संवाद पाठ करून घ्यायच्या, चुकलं की पोळपाटावर लाटणं आपटायच्या. ती मालिका तिकडे दिसत नसे, म्हणून रविवारी सकाळी ही टीव्हीसमोर फोन धरायची आणि आई तिकडून कान देऊन ऐकायच्या. बाजार यायचा, स्फोट व्हायचा, गर्दी पळायची. आई विचारायच्या, “यातली तू कुठली?” हिला सांगता यायचं नाही, कारण तिचं तिलाच ओळखू यायचं नाही. “एकदा तिनं मला ऐकावं गं,” ती मला म्हणाली होती. “नीट. एकटीला. मग झालं.”

आणि पाचव्या सीझनला तिला खरंच भूमिका मिळाली. कॅमेऱ्यासमोर, साडी नेसून. टोळीतला एक हिंदुस्थानी मुलगा कामगिरीवर मारला जातो आणि हिरो ती बातमी घेऊन त्याच्या आईच्या दारात येतो. दार उघडणारी आई ही. त्याचा चेहरा बघूनच ती समजते. त्याला बोलू देत नाही. म्हणते, आत या, आधी जेवा, मग सांगा. बस, एवढंच. इंग्रजीत.

शूटिंग करून आली तेव्हा माझ्या दारात उभी राहून तिनं ते करून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की इतकी वर्षं आपण कुणाबरोबर लाँड्रीला जात होतो.

महिन्याभरानं त्याच लाँड्री रूममध्ये तिनं मला सांगितलं. ड्रायरमधून टॉवेल काढत, एकेक घडी करत. स्टुडिओनं परत बोलावलं होतं. चेहरा उत्तम आहे, पण उच्चार पुरेसे हिंदुस्थानी वाटत नाहीत. जरा ठसकेदार करा, आपल्या इंग्रजी सिनेमांत असतात तसे. ज्या माइकसमोर ती गर्दी व्हायची, त्याच माइकसमोर तिला तिचाच चेहरा दाखवला आणि त्यावर तसा आवाज द्यायला सांगितलं.

“दोनदा केलं,” ती म्हणाली. “मग हेडफोन काढून ठेवला. मी कुणाकुणासाठी किंचाळून मेलेय, त्याचं काही नाही. पण मुलगा गेलेली बाई अशी नाचवत बोलेल का गं?”

“मग?”

“मग काय, दुसरी कुणी करेल. तिथे माणसांना तोटा नाही.”

मला इतका संताप आला की मी ड्रायरचं दार आपटलं. ते लागलंच नाही, पुन्हा उघडलं. “आईंना सांगितलंस?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. “ती रोज विचारते, किती दिवस राहिले.”

तो भाग आला त्या रविवारी सकाळी आमच्याकडे दहा-बारा माणसं जमली होती, आमचा टीव्ही मोठा म्हणून. मी पोहे केले होते. आवाज दुसरीचा आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही. फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला होता. तिकडे संध्याकाळ, आई केव्हाच्या तयार. “लागलं का?” “लागेल, आई.”

हिरो अंगणातून चालत आला, तशी ती उठली. माझ्या हातातून रिमोट घेतला. घंटा वाजली आणि तिनं आवाज बंद केला.

“मावशी, यू म्यूटेड इट,” माझी लेक म्हणाली.

ती टीव्हीच्या अगदी जवळ, फोनपाशी जाऊन उभी राहिली. पडद्यावर दार उघडलं. साडीतली ती वर बघत होती, आणि जीन्समधली ती तिच्याकडे. इंग्रजीतले ओठ हलले आणि त्यांच्यावर बरोबर बसेल असं ती मराठीत बोलली.

“आत या. आधी जेवा. मग सांगा.”

एक अक्षर पुढे नाही की मागे नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या ओठांवर बसवलं, ते आज स्वतःच्या ओठांवर बसवलं. मला रडू आलं, मी लपवलंही नाही.

फोनमधून आई म्हणाल्या, “‘सांगा’ जरा खाली घ्यायचं होतंस. तिला ऐकायचं नाहीये ना ते.”

“हो आई,” ती म्हणाली. “घाईच झाली.” आणि तिथेच जमिनीवर बसली.

स्टुडिओतून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी नवऱ्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नोकरी लागली आणि ते बेलव्ह्यूला गेले. आम्ही फोनवर बोलतो. पाऊस फार आहे म्हणते, मुलीच्या शाळेचं सांगते. आई गेल्या उन्हाळ्यात गेल्या, तेही सांगितलं. कामाचं विचारलं की विषय बदलते. तिच्या फ्लॅटमध्ये आता फायनान्समधला एक मुलगा राहतो, सभ्य आहे, कधी आवाज नाही. मला तिची फार आठवण येते. पार्किंगमध्ये तर उगीचच थांबते मी.

परवा दुपारी घरी कुणी नव्हतं, तर मी तो भाग लावला. दार उघडलं, आणि त्या दुसऱ्या बाईचा आवाज आला. वाईट नव्हता, खरं सांगते. तिनंही तिचं काम केलंय बिचारीनं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, आवाज बंद केला आणि त्या रविवारच्या तिच्यासारखं टीव्हीच्या जवळ जाऊन बोलायला गेले. आत या. आधी जेवा. हिरोला आत घेऊन, दार लावून ती पडद्यावरून निघूनसुद्धा गेली, आणि माझं ‘मग सांगा’ अजून तोंडातच होतं.