टायरवरचा सत्तावन्न

दूधवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी भरलेले कॅन, घरी शाळेत जाणारी लेक. कुठे घसरून हातपाय मोडले असते, तर घर बसलंच असतं.

मागचा टायर गुळगुळीत झाला, तेव्हा त्याने दुकानातला जाड नक्षीचा टायर उचलला. टायरवालीने तो काढून घेतला.

"भाऊ, नक्षीवर काय भुलता? टायरवरचा हा बावन्न म्हणजे भाराचा ठरलेला कोड. बावन्न म्हणजे फार तर दोनशे किलो. तुम्ही, गाडी आणि कॅन मिळून मागच्या चाकावर त्याहून जास्त येतं. सत्तावन्नवाला घ्या, तो दोनशे तीस पेलतो."

"माप तर दोन्हींचं एकच आहे की."

"सपातेचं आणि बुटाचं मापही एकच असतं. सपाता घालून डोंगर चढाल?"

तो हसला आणि सत्तावन्न घेऊन गेला. त्यानंतर भरल्या कॅनांनिशी तो कधी पडला नाही. दुकानावरून जाताना तो न चुकता हात उंचावायचा. घरी म्हणायचा, "त्या ताईने मला सांभाळलं."

लेकीला नोकरी लागली, तेव्हा साठवलेल्या कमाईतून त्याने तिला मोटरसायकल घेतली. ती रंग बघत होती. बाप गुडघे टेकून टायरवरचा आकडा वाचत होता.