गॅसमुळे न दिसलेलं स्वादुपिंड

जेल लावायला सीमाचा फ्रॉक वर केला आणि माझा हात थांबला. बेंबीभोवती बिब्ब्याचे काळे डाग होते. पोट दुखलं की गरम बिब्ब्याचा चटका द्यायची पद्धत आमच्याकडे अजून गेलेली नाही.

मी जालन्यात सोनोग्राफी करतो. नऊ वर्षांची सीमा आईबरोबर हसनाबादहून आली होती. तिच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन आधीच येऊन गेला होता.

"रक्तात अमायलेज खूप वाढलंय. कारण सापडतंय का बघा."

अमायलेज वाढणं म्हणजे बहुधा पॅन्क्रियाटायटिस, स्वादुपिंडाला सूज. एवढ्या लहान पोरीला ती का व्हावी?

प्रोब ठेवला आणि कारण समोरच दिसलं. पित्ताची बारीक नळी अंगठ्याएवढी फुगली होती. ही नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यापाशी एकत्र येतात. काही मुलांत तो जोड जन्मतःच चुकीच्या जागी असतो. मग एकीचा रस दुसरीत शिरतो आणि स्वादुपिंड पुन्हा पुन्हा सुजत राहतं. याला ऑपरेशनच लागतं.

"कधीपासून दुखतंय?"

"दोन वर्सं झाली," आई म्हणाली.

"आणि तुम्ही चटके देत बसलात? सोनोग्राफी करायचं सुचलं नाही?" माझा आवाज चढला.

तिने पिशवीतून फाईल काढली. "तवाच केल्ती की साहेब. तुमच्याकडंच आल्तो. तुमी नॉर्मल हाये म्हणले. मंग घरचे म्हणले, शाळा नको म्हणून पोरगी सोंग करून राह्यली. हिच्या पप्पानं मारलं बी. सासूबाईनं बिब्बा घातला."

रिपोर्ट माझाच होता. खाली ठळक अक्षरात नॉर्मल, आणि माझी सही. मधेच एक बारीक इंग्रजी ओळ होती: गॅसमुळे स्वादुपिंड व पित्तनळी नीट दिसली नाही. त्या दिवशी पोरगी स्टँडवर भजी खाऊन आली असणार. उद्या उपाशीपोटी आणा, एवढंच सांगायचं होतं. बाहेर गर्दी होती, मी सांगितलं नाही. ती ओळ कॉम्प्युटरमध्ये तयारच असते, एक बटण दाबलं की उमटते. खोटी नव्हती, कोर्टातही टिकली असती. याचीच मला जास्त लाज वाटते.

एमआरआयमध्ये तो चुकीचा जोड स्पष्ट दिसला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. कॉम्प्युटरमधली ती तयार ओळ मी काढून टाकली. आता गॅस आड आला की सगळ्यात वर मराठीत लिहितो: स्वादुपिंड दिसलं नाही, उपाशीपोटी पुन्हा या. आणि तोंडानेही सांगतो.

तीन महिन्यांनी सीमा तपासणीला आली. मी प्रोब दाबत विचारलं, "दुखतं का गं?"

तिने आधी आईकडे बघितलं. "न्हाई," म्हणाली.

पायांची बोटं मात्र घट्ट आवळलेली होती. दुखलं तरी सांगायचं नाही, हे ती दोन वर्षांत पक्कं शिकली आहे. तो धडा माझ्या सहीने सुरू झाला होता.