मालकांची पाठ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमचे मालक शेंद्र्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते. माणूस कष्टाळू, पण बोलायचं कसं ते माहीत नाही. जेवलीस का, एवढंही कधी विचारलं नाही. पोरं झाली, त्यांची लग्नं झाली – आमचं दोघांचं बोलणं तेवढं राहून गेलं.

मग त्यांची किडनी बिघडली आणि अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, फोड नाही, नुसती खाज. पाठीला आपला हात पोचतो का? रोज दिवस कलला की ते ओट्यावर माझ्याकडं पाठ करून बसायचे. मी खाजवायची.

"नखं हायेत का खुरपं?"

"खुरपंच हाय. गप बसा."

पाठ निवली की बोलायला लागायचे. बापानं विकलेल्या बैलाचं. लग्नात माझ्याकडं बघायची लाज वाटली, त्याचं. तोंड तिकडं होतं म्हणूनच बोलता आलं असेल. मी हसायची. त्या संध्याकाळींसारखा संसार मला आधी कुठं मिळाला होता?

शहरातल्या दवाखान्यात अशा खाजेला कातडीचे, किडनीचे आणि मनाचे डॉक्टर मिळून बघत. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली. म्हणाल्या, "आजी, ही वेडाची नाही. खाजही कमी होईल, झोपही लागेल."

झालंही तसंच. मालक दिवेलागणीलाच घोरायला लागले. ओट्यावर मी एकटी.

गोळ्या माझ्या हातून घ्यायचे, न बघता. त्यातली ती एक मी काढायला लागले. लोक वेडा म्हणतील म्हणून काढते, असं मनाला सांगून बघितलं. पण ते खोटं. मला त्यांची पाठ पाहिजे होती.

खाज परत आली. रक्त निघेस्तोवर आली. तिन्ही डॉक्टर एकत्र बसले, मलम बदललं, पथ्य बदललं. बाईंनी विचारलं, "आजी, सगळ्या गोळ्या देता ना?"

"देते की."

मालकांना राग आला. "तिला काय विचारता, बाई? तिच्या हातानंच तर जगतोय मी."

मी खाली बघितलं. घरी येऊन त्या दिवशीची गोळी मोरीत टाकली. पुढं ते जाईपर्यंत रोज टाकली.