गाडीच्या दारातले मामा

गाडीचा फोटो काढणं म्हणजे नुसतं कॅमेरा रोखणं नव्हे, हे चेन्नईतल्या निम्म्या लोकांना समजावून मी थकलो. उरलेल्या निम्म्यांना माझी भाषा कळत नव्हती. गाडी हा चार चाकांवरचा आरसा असतो. दारासमोर जे असेल ते दारात उतरतं: विजेचा खांब, केळीवाला, समोरच्या गच्चीवरचे पापड. टी. नगरात एकदा एका काळ्या गाडीच्या दारात मला अख्खी साडीखरेदी दिसली. बाईंनी निवडलेला रंग नवऱ्याला पसंत नव्हता, हेसुद्धा दिसलं. ते सगळं घालवायचं आणि नुसती गाडी उरवायची, एवढंच माझं काम. त्यात मी पटाईत होतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यासाठी मी क्लचप्लेटचे असे फोटो काढले होते की त्या प्लेटला दोन स्थळं सांगून आली.

पण कारखान्याचं काम वर्षातून दोनदा. बाकी सगळं वर्ष मामांच्या जिवावर. मामा म्हणजे सगळ्या गल्लीचे मामा, जुन्या गाड्यांचे व्यापारी, तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली आणि वाटेत तमिळ हेल आणि वाक्याच्या शेवटी लावायचा तमिळ 'पा' उचललेली. मी साताऱ्याचा, पण त्यांच्या लेखी महाराष्ट्रात एकच गाव होतं, म्हणून मी 'पुणेकर'. दुकानात गाडी आली की फोटो मी काढायचा, असं सहा वर्षं चाललं होतं.

मग अमेरिकेहून जावई आला आणि सासऱ्यांना साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा देऊन गेला.

"पुणेकर, हें पाहा," मामा म्हणाले. "बटण दाबलें कीं झालें. रीळ नाहीं, धुणें नाहीं. आतां तुम्हीं कशाला उन्हांत कष्टायचें?"

कामावरून काढतानाही माणूस माझ्या प्रकृतीची काळजी करत होता.

"मामा, बटण ग्राइंडरलाही असतं. मग इडल्या मामीच का करतात?"

आतून मामींचं हसणं ऐकू आलं, आणि मामांना पैज लावणं भाग पडलं. एका निवृत्त डॉक्टरांची गडद निळी गाडी विकायला आली होती. इंटरनेटवर तिच्या दोन जाहिराती द्यायच्या, एकीत माझा फोटो, दुसरीत मामांचा. ज्याच्या फोटोवर गाडी जाईल, त्याचं खरं. मी हरलो तर मामांचं काम गेलं, आणि ते गेलं की मला सामान बांधून साताऱ्याला जाणं आलं.

मी गाडी पहाटे चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर नेली. सूर्य वर यायच्या आधी तिथे पंधरा मिनिटं असा उजेड असतो की त्यात बैलगाडी उभी केली तरी शोरूमवाले मागायला येतील. पण दारात सारख्या मासेमारीच्या होड्या शिरत होत्या. म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेल्या अकरा पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे तिकडची लुंगीसारखी धोतरं, काठ्यांना बांधून पडदा उभारला. कोळ्यांना वाटलं, लग्न आहे. दोघे जण जेवण किती वाजता, हे विचारून गेले. शेवटी गाडी पुसली. बॉनेटवरचं चंदनकुंकू, पुढे बांधलेली लिंबूमिरची, सगळं काढलं. फोटो असा आला की वाटावं, गाडी थेट जर्मनीहून पोहत आलीय.

मामांनी चंदनकुंकू पुन्हा लावलं, नवी लिंबूमिरची बांधली आणि भर दुपारी दुकानासमोर एक बटण दाबलं. त्यांच्या फोटोत ड्रायव्हरच्या दारात स्वतः मामा उभे होते: वेष्टी, पोट, कपाळाला गंध, कॅमेरा छातीशी धरलेला आणि एकाग्रतेने जिभेचं टोक बाहेर. मी पोट धरून हसलो.

माझ्या फोटोवर पुष्कळ फोन आले. एकाने विचारलं, गाडी परदेशातून आणलीय का. दुसरा म्हणाला, "कुंकवाचं बोट नाही, लिंबू नाही. अपघातातली आहे, धुऊन काढलीय." तिसरा दुकानात आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ही नको, फोटोतली दाखवा."

मामांच्या फोटोवर एकच माणूस आला, रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याने गाडीकडे नंतर पाहिलं, आधी मामांकडे. "दारात दिसतात ते तुम्हीच ना? लपवाछपवी करणारा माणूस असा जीभ काढून उभा राहत नाही."

संध्याकाळपर्यंत गाडी गेली. मी ट्रायपॉड गुंडाळून निरोप घ्यायला गेलो, तर मामांनी कॉफी पुढे सरकवली.

"पुणेकर, उद्यां या. चार गाड्या आहेत."

"आता कशाला? तुमचं बटण आहे ना."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. गेल्या दोन दिवसांत त्यांनी आणखी चार गाड्यांचे फोटो काढले होते. एकात मामांना डोकं नव्हतं. दुसऱ्यात मामांच्या जागी चहावाला होता. तिसऱ्यात पोट एवढं पसरलं होतं की दार संपून डिकी लागली.

"आणि पांढऱ्या गाडींत तर मी दिसतच नाहीं पा," मामा हळूच म्हणाले. "मी दिसलों नाहीं तर घेणार कोण?"

सहा वर्षं मी दारांतून माणसं हाकलली होती. आता एक माणूस दारात नीट बसवायचा होता, आणि ते हाकलण्याहून दसपट अवघड निघालं. त्याला बटण पुरत नाही. पांढऱ्या गाडीत मामा उतरवायचे तर गाडी गडद सावलीत लागते आणि मामा रणरणत्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी मी सावलीत स्टूल टाकून कॅमेरा लावला. समोर उन्हात मामा घामाने निथळत, पोट आत घेऊन उभे.

"मामा, तुम्ही कशाला उन्हात कष्टायचं?"

"बटण दाबा पा," मामा दातांतून म्हणाले.

मी थांबलो. जीभ अजून बाहेर आली नव्हती.