ओळखीचा लांडगा

बजाजनगरच्या मागच्या माळावर मी धनुष्यबाणाचा सराव करायचो, तेव्हा एक धनगर मामा तिथं मेंढरं घेऊन यायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कमरेला गोफण गुंडाळलेली, आणि उभे राहिले की हनुवटी काठीवर.

एकदा टेकाडावर लांडगा दिसला. मी मोठ्या ऐटीत बाण लावला. मामांनी माझा हात खाली केला. "पळू नका, पाठ दाखवू नका," म्हणाले, आणि गोफणीतला दगड लांडग्याच्या हातभर पुढ्यात टाकला. तो थांबला, आमच्याकडं बघून सावकाश निघून गेला.

"नेम चुकला मामा!"

"तिथंच टाकायचा हुता. ह्याला माझी गोफण माहीत हाय. ह्याला मारला तर ह्याच्या जागी नवा येईल. त्याला काय माहीत?"

आता त्या माळावर प्लॉट पडलेत. परवा तिथल्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत मामाच बसलेले दिसले. हनुवटी काठीवरच. मी गाडी थांबवून ओळख दिली, कामासाठी गावोगाव फिरतो म्हणालो. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही गाडीवर लई लांब फिरता. आपला लांडगा कुठं दिसला व्हय?"