वंदनाताई आणि जावईबापू

थांबा, जेवण नंतर, हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर माझं डोकं फुटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या मनूचा व्हिडिओ फिरतोय! मनीषनगरच्या ज्या थेरपी सेंटरमध्ये ती जायची, त्यांची जाहिरात. मागे बासरी. शी! आणि त्यातून वंदनाताईंना कापलंय. म्हणून त्या कोण होत्या ते मीच सांगते.

मनू माझी लहान बहीण, सात वर्षांची, ऑटिस्टिक. वंदनाताई तिच्या स्पीच थेरपिस्ट. जाड चष्मा, अंगाला कापराचा वास आणि एक अजब सवय. प्रश्न विचारला की त्या गप्प. एकदम गप्प. आम्ही घरचे मनूच्या आधीच उत्तर देऊन मोकळे व्हायचो, तर माझा हात दाबायच्या. "थांब ना वं! तिचं येऊन राहिलं. तू काहून मधात घुसतं?"

मग सेंटरमध्ये रोबो आला. गुडघ्याएवढा, पांढरा, गोल निळे डोळे. सगळे त्याला पुसायचे, चार्ज करायचे, एसीत ठेवायचे. ताई आल्या आल्या विचारायच्या, "जावईबापू जेवले काय?" पण वैर नव्हतं हां! "याचा चेहरा रोज तोच, आवाज तोच. घाई नाही, वैताग नाही. लेकराले भेव वाटत नाही."

रोबो विचारायचा, "मनू, काय पाहिजे?" ताई स्टीलचा ग्लास भरून तयार. "शब्द निघाला की वस्तू हातात. तेव्हाच लेकराले समजते, बोलून काही होते." एक दिवस मनू रोबोकडे बघत म्हणाली, "पाणी." पहिला शब्द! मी किंचाळणार, तर ताईंनी डोळे वटारले, आधी ग्लास दिला. मग बाथरूममध्ये जाऊन एकट्याच रडून आल्या.

आता किळसवाणा भाग. सेंटरच्या सरांनी पाहुणे बोलावले. हार, समोसे, कॅमेरा. रोबोला बोलतं करायचं बटण असलेला टॅबलेट सरांच्या हातात. ताईंना पार मागच्या रांगेत बसवलं, भरलेला ग्लास मांडीवर. रोबोनं विचारलं, मनू म्हणाली, "पाणी." टाळ्या! सर म्हणाले, "वन्स मोअर, कॅमेऱ्यात नाही आलं!" पुन्हा बटण. "पाणी." पुन्हा टाळ्या. एक बाई समोसा चावत, "हाऊ क्यूट!" तिसऱ्यांदा मनूचा आवाज चिरकला, ती कान दाबून जोरजोरात डोलायला लागली.

ताई खुर्च्या ढकलत आल्या आणि ग्लास तिच्या हातात दिला.

"मॅडम, शूट चालू आहे!"

"राहू द्या चालू. लेकरू तहानलं, अन् तुम्ही तिले टाळ्या पाजून राहिले?" मग रोबोच्या डोक्यावरून हात फिरवला. "याचा दोष नाही जी. यानं तर विचारलं. द्यायचं तुमच्याकडे होतं."

दुसऱ्या दिवसापासून ताईंना येऊ नका सांगितलं. आणि मनूचा शब्द गेला. ग्लासकडे बघायची, तोंड घट्ट बंद. मग ताई आमच्या घरी यायला लागल्या, तोच ग्लास पिशवीत. विचारायच्या आणि गप्प बसायच्या. आई गप्प, मीसुद्धा गप्प. कुकर ओरडला तरी कुणी उठायचं नाही. शेवटी एका दुपारी मनू पुटपुटली, "पाणी." ताईंनी ग्लास आईकडे सरकवला. "आता तुम्ही द्या."

पुढे त्या लेकीकडे रायपूरला गेल्या. ग्लास आमच्याकडेच आहे.

व्हिडिओ दुसऱ्या "पाणी"वर संपतो. खाली नुसते बदाम आणि टाळ्या. एकानंही विचारलं नाही, पोरीला पाणी मिळालं का म्हणून. तुमच्या घरच्या लेकराला असं कुणी पाहुण्यांपुढे बोलायला लावलंय का? आणि तेव्हा ग्लास घेऊन कुणी उठलं होतं का?