झाकण उघडून दाखवणारा परशराम

परशराम मला ठाऊक होता, असं आता म्हणवत नाही. घरी कोण कोण, सणाला कुठं जातो, हे मी नऊ वर्षांत विचारलं नाही. आई मालुबाई इथं निपाणीतच बिड्या वळायची, एवढं त्याच्या बोलण्यातून कळलं.

मी टायपिंग शिकवायचो. ते थांबल्यावर दुपारी स्टँडमागं त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसू लागलो. तिथं आमचा एकच वाद. माझं म्हणणं, ज्या प्रोसेसरचा गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती ठोके त्याचा, आकडा मोठा तो चांगला. मिनिटाला साठ शब्द मारणारा चाळीसवाल्याच्या पुढंच की.

"अण्णा, माझी आई शेजारणीपेक्षा सावकाश वळायची," तो म्हणायचा. "पण तिची बिडी तपासणीत छाटात गेली न्हाय कधी. शेजारणीची निम्मी परत यायची. आता सांगा, जास्त कुणाची झाली?"

आकडा वाढवत नेला की चिप तापते. म्हणून इंटेल काय, एएमडी काय, दोघा चिपवाल्या कंपन्यांनी ती शर्यत आवरती घेऊन एका ठोक्यात जास्त काम कसं होईल ते बघितलं, असं त्याचं सांगणं.

"दोघं भांडत्यात म्हणून आपलं बरं चाललंय. एकटाच असता तर जुनंच विकत बसला असता."

मी इंटेलचा, तो एएमडीचा. हरेल त्यानं चहा सांगायचा. बहुतेक वेळा मीच सांगायचो.

नवं मशीन देताना तो झाकण उघडायचा, पंखा काढायचा, चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट पुसून चिपचं नाव गिऱ्हाइकालाच वाचायला लावायचा. मगच नवी पेस्ट लावून परत बसवायचा. मी विश्वास ठेवला तो त्या पुसण्यावर.

वाचनालयात परीक्षेच्या सरावासाठी पाच कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी सभेत उभा राहिलो. परशरामकडूनच घ्या, म्हणालो.

"अण्णा, तुमचा शब्द न्हवं?" ग्रंथपाल जयाबाईंनी विचारलं.

"व्हय."

मशीनं आली ती स्क्रू आवळूनच. परशरामनं झाकण उघडलं नाही. मला खटकलं, पण चारचौघांत बोलणं मला कधी जमलेलं नाही. पडद्यावरचा चार पॉइंट दोन हा आकडा दाखवून तो सगळ्यांना म्हणाला, "बघा, केवढा हाय." माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

एप्रिलात सराव परीक्षा चालू असताना एकेक मशीन तापून बंद पडलं. मुलं लिहिलेलं गेलं म्हणून नुसती बसून राहिली. जयाबाईंनी बेळगावहून माणूस बोलावला. त्यानं पंखा काढून पेस्ट पुसली. चिप बारा वर्षांपूर्वीची, कुठल्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली. आकडा तेवढा ओढून वर नेलेला. जयाबाईंनी त्या माणसाचं बिल माझ्यासमोरच चुकतं केलं. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक झाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण आकडा ओढला की चिप तापते, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाब विचारायला गेलो. तो एका मशीनचं झाकण उघडून बसला होता आणि गिऱ्हाईक वाकून चिपवरचं नाव वाचत होतं. ते जाईपर्यंत मी उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात त्यानं दुकान गुंडाळलं, म्हणून आमचं शेवटचं बोलणं ते हेच.

"या अण्णा. चहा सांगू?"

"न्हाय रं, आत्ताच झाला."

"ऊन लई हाय. छत्री घेऊन फिरत चला."

"व्हय," म्हणालो.